‘तो पहिल्यापासून असाच आहे’ : मोठ्या माणसाची ऑटिझम तपासणी

पावसाळ्यातल्या एका रविवारी विहारात वंदना संपली आणि चपला घालता घालता एक माय आमच्याजवळ थांबली. मुलगा बी.कॉम. झालेला, वय एकोणतीस. तिसरी नोकरी सुटली होती. कामात खोट नव्हती. हिशेब त्याचा चोख. पण साहेबाची चूक तो सगळ्यांच्या देखत दाखवायचा. जेवणाच्या सुट्टीत कोणासोबत बसायचा नाही. ऑफिसात त्याच्या टेबलाची जागा बदलली तर दोन दिवस कामावर गेला नाही. “डॉक्टरला दाखवलं, त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या,” माय म्हणाली. “पण भाऊ, हा काही आजारी पडलेला नाही. हा पहिल्यापासून असाच आहे.”

मायच्या या शेवटच्या वाक्यामुळे आम्ही हा विषय घेतला. मोठ्या माणसाला ऑटिझम आहे की नाही हे ठरवताना डॉक्टरला सगळ्यात जास्त गरज असते ती हे वाक्य सांगणाऱ्या माणसाची. ‘पहिल्यापासून’ म्हणजे कधीपासून, कसा, काय काय करायचा, हे सांगणारं घरातलं कोणीतरी लागतं. आपल्याकडे मात्र तपासणीला जाणारा एकटाच जातो, आणि घरचे म्हणतात, आपल्याला काय कळतं त्यातलं. (या मायलेकांच्या संमतीनेच लिहितो आहोत. ओळख पटेल अशा गोष्टी वगळल्या आहेत.)

आधी शब्दाबद्दल थोडं. सरकारी कागदावर ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. आम्हाला हा शब्द फारसा पटत नाही. स्वतःतच मग्न म्हणजे दुसऱ्याची फिकीर नसलेला, असा अर्थ लोक घेतात. ऑटिझम असलेल्या पुष्कळ माणसांना दुसऱ्याची फिकीर असते, कधी जरा जास्तच असते, फक्त ती दाखवायची रीत वेगळी. पण दाखला काढायला जाल तेव्हा हाच शब्द समोर येईल, म्हणून माहीत असलेला बरा.

ऑटिझम जन्मापासूनचा असतो. मेंदूची घडणच वेगळी असते. तो कोणाला लागत नाही, धक्का बसून होत नाही, प्रेमात फसल्याने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम आहे. चार हजार माणसांची वस्ती धरली तर या हिशेबाने तीसेक माणसं निघतील. आपल्याला माहीत असतात किती? न बोलणारं एखाद-दुसरं लहान मूल. बाकीची माणसं आपल्या आजूबाजूलाच आहेत. त्यांना आपण तिरसट, एककल्ली, शिष्ट, अर्धवट, ‘सर्किट’ अशी नावं ठेवून मोकळे झालो आहोत.

डॉक्टर मुख्यतः दोन बाजू बघतात. एक म्हणजे माणसांमध्ये मिसळताना येणारी अडचण. समोरच्याचा चेहरा बघून तो चिडला की थट्टा करतोय हे चटकन न कळणं. ‘जरा बघतो’ म्हणजे ‘नाही’ हे न उमगणं. बोलायची पाळी कधी आली ते न समजणं, नाहीतर आवडत्या विषयावर सुरू झाल्यावर थांबता न येणं. लग्नात, मयतीत, हळदीला नेमकं काय बोलायचं हे इतरांना आपोआप येतं. या माणसाला ते पाठ करावं लागतं. दुसरी बाजू ठरावीकपणाची. तेच ताट, तोच रस्ता, तीच वेळ. मधेच बदल झाला तर जीव घाबरा होणं. एखाद्या विषयाचा नाद लागला की त्यातलं सगळं तोंडपाठ : रेल्वेचं वेळापत्रक, मोबाइलची मॉडेलं, क्रिकेटचे आकडे. हात झटकणं, बसल्या जागी डोलणं. आणि आवाज, उजेड, वास, कपड्याचा स्पर्श यांचा इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी त्रास होणं.

हा आवाजाचा त्रास आपल्या वस्तीत राहून समजून घ्यायला हवा. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसं, टीव्ही, शेजारचा मिक्सर, नळावरचा गोंधळ. चौदा एप्रिलला डीजे लागला की एखादा पोरगा घराचं दार लावून कानावर उशी दाबून बसतो आणि आपण म्हणतो, याला बाबासाहेबांच्या जयंतीचं काही नाही. त्याला जयंतीचं फार असेल. त्याला तो आवाज अंगावर मारल्यासारखा लागतो, इतकंच.

यातली एखादी गोष्ट आपल्या प्रत्येकात असतेच. ती असली म्हणजे ऑटिझम झाला असं नाही. दोन्ही बाजूंच्या बऱ्याच गोष्टी लहानपणापासून असल्या आणि त्यांच्यामुळे शिक्षण, नोकरी, घर यांत खरोखर अडत असलं, तरच डॉक्टर तसं निदान करतात. मतिमंदता ही वेगळी गोष्ट आहे. काहींमध्ये दोन्ही असतं, पुष्कळांमध्ये नसतं. बी.कॉम. झालेल्या माणसाला ऑटिझम कसा असेल, हा प्रश्न आम्हाला दोन शिकलेल्या माणसांनीही विचारला. असू शकतो.

मग इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

डॉक्टरांनाच हे उशिरा कळलं, हे एक उत्तर. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून ऑटिझमची चर्चा सुरू झाली. पुढे बरीच वर्षं खुद्द डॉक्टरच म्हणत राहिले की आईने माया लावली नाही म्हणून मूल असं झालं. तो समज पुढे खोटा ठरला. लसीमुळे ऑटिझम होतो असं सांगणारा १९९८ चा एक लेखही त्या मासिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्यामुळे कोणत्याही मायने स्वतःला दोष देऊ नये, आणि कोणत्याही सासूने सुनेला.

दुसरं उत्तर आपल्या देशातलं. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं. त्या यादीत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण सर्व दिव्यांगांसाठीच्या मुख्य कायद्यात यायला २०१६ साल उजाडलं. त्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यातला एक. म्हणजे आज जो तीस-पस्तीसचा आहे, त्याची शाळा संपली तेव्हा मुख्य कायद्याच्या यादीत हे नावच नव्हतं. नगरपालिकेच्या शाळेत साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा मास्तरांना तसा सोयीचाच वाटला असणार.

तिसरं उत्तर बायांचं आहे. आमच्या ओळखीची एक ताई आहे, अडतीस वर्षांची, चार घरी पोळ्या करते. तिचा धाकटा मुलगा साडेतीन वर्षांचा होऊनही बोलत नव्हता. अंगणवाडीच्या तपासणीतून त्याला जिल्हा रुग्णालयातल्या लहान मुलांच्या केंद्रात पाठवलं. तिथल्या मॅडम एकेक लक्षण विचारत होत्या आणि ताई मनात म्हणत होती, हे तर माझंच सांगताहेत. लहानपणी तीही वस्तू ओळीने मांडायची. गर्दीत तिलाही उलटी यायची. अजूनही कोणाच्या घरी कामाला जायच्या आधी ती दारात उभी राहून काय बोलायचं ते मनात घोकते : “जय भीम ताई, बरं आहे ना, आज किती पोळ्या?” मुलाच्या निदानातून स्वतःचं कळणं, ही मोठ्या माणसांची नेहमीची वाट आहे. ऑटिझम बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. मुलींच्या बाबतीत तो लपतो, कारण मुलीला लहानपणापासून ‘नीट बस, हसून बोल, पाहुण्यांना पाणी दे’ असं शिकवलं जातं. ती इतरांचं बघून नक्कल करायला शिकते. त्या नकलेत दिवसभर शक्ती जाते आणि रात्री ताई भिंतीकडे तोंड करून पडते. घरचे म्हणतात, नाटकं करते.

हे डॉक्टरांच्या पुस्तकातही आहे. निदानाच्या २०१३ च्या अमेरिकन नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे की लक्षणं लहानपणापासून असतात, पण जगण्यातल्या मागण्या माणसाच्या ताकदीपलीकडे जाईपर्यंत ती पुरती दिसत नाहीत, आणि शिकून घेतलेल्या सवयींमागे लपूही शकतात. नोकरी लागली, लग्न झालं, बाप वारला आणि सगळं अंगावर पडलं, की अचानक ‘याला काय झालं?’ असा प्रश्न येतो. झालेलं काहीच नसतं. झाकलेलं उघडं पडतं.

गप्प बसण्याचं कारण

आता ज्या गोष्टीबद्दल आरोग्याच्या पानांवर सहसा लिहिलं जात नाही, ती लिहितो. साहेबाच्या डोळ्याला डोळा न देणं, जेवताना वेगळं बसणं, कमी बोलणं, सावध असणं : ही ऑटिझमची लक्षणं म्हणून सांगितली जातात. आपल्या माणसांना ती वेगळ्या कारणानेही येतात. आडनाव विचारल्यावर ज्याच्याशी लोकांचं बोलणं बदललं, ज्याचा डबा कोणी वाटून घेतला नाही, तो माणूस कामाच्या ठिकाणी गप्पच राहतो. डॉक्टर दहा मिनिटांत केसपेपरवर ‘नजर मिळवत नाही, एकटा राहतो’ असं लिहून मोकळे झाले, तर कोणाचं काय कोणावर लिहिलं गेलं ते कळणार नाही. चूक दोन्हीकडून होऊ शकते. जातीच्या वागणुकीने खचलेल्या माणसाला ऑटिझमचा शिक्का बसू शकतो. आणि ज्याला खरोखर ऑटिझम आहे, त्याच्याबद्दल आपणच ‘मनुवादी ऑफिसाने त्रास दिला’ एवढंच म्हणून थांबू शकतो. एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही खरं असू शकतं, हेही विसरू नये.

फरक कसा करायचा? बाहेर जायच्या आधीचा काळ बघायचा. चार वर्षांचा असताना, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मामा-मावशीत, जिथे कोणी हिणवणारं नव्हतं, तिथे तो कसा होता? चाळीतली पोरं लपंडाव खेळत होती तेव्हा तो काय करायचा? याचं उत्तर रुग्णालयाच्या कोणत्याही यंत्रात नाही. ऑटिझमसाठी रक्ताची तपासणी नाही, एमआरआयमध्ये तो दिसत नाही. उत्तर मायकडे, मोठ्या बहिणीकडे, आजीकडे आहे. माय साठीची असेल, आजी ऐंशीची असेल, तर हे विचारून ठेवायला फार वर्षं उरलेली नसतात.

आपल्या लोकांना पुरावे गोळा करणं शिकवायला नको. जात पडताळणीसाठी १९५० च्या आधीचा कागद शोधत आपण आजोबांच्या गावच्या शाळेपर्यंत गेलेलो आहोत. इथे तितकं मागे जायचं नाही. मुलाच्या शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर काढा. त्यातले गुण महत्त्वाचे नाहीत. वर्गशिक्षकांचा शेरा वाचा : ‘मिसळत नाही’, ‘हुशार पण लक्ष नाही’, ‘हट्टी’. लहानपणचे फोटो, लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट कोणाकडे असेल तर तीही. जुने केसपेपर, चिठ्ठ्या, आधी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं. आणि एक शंभर पानी वही.

त्या वहीत मायला विचारून लिहायचं. चालायला कधी लागला, पहिला शब्द कधी बोलला. मधेच बोलणं बंद झालं होतं का. हाक मारल्यावर वळायचा का. वळत नसेल तर कान तपासले होते का. एखादी गोष्ट हवी असली की बोटाने दाखवायचा, की तुमचा हात धरून न्यायचा. भातुकली, चोर-पोलीस असे खोटं-खोटं खेळ खेळायचा का, की गाडीचं चाकच फिरवत बसायचा. कुठल्या आवाजाला रडायचा. काय खायचा, काय तोंडातही घ्यायचा नाही. केस कापताना काय व्हायचं. पहिल्यांदा शाळेत सोडलं तो दिवस. मित्र होते का, की एकच होता, की पोरं त्याला हसायला बोलवायची. फिट यायची का. घराण्यात असा आणखी कोण होता. सांगायला लाज वाटेल तो काकाही लिहायचा. मायला तारखा आठवणार नाहीत. ‘चैत्यभूमीला पहिल्यांदा नेला तेव्हा’, ‘धाकटी पोटात होती तेव्हा’ असं तिच्या हिशेबाने लिहा, ते चालतं. आणि ती जशी बोलते तसंच लिहा. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी. डॉक्टरांसाठी पुस्तकी मराठी करायला गेलात की निम्मं गळून पडतं.

कुठे जायचं, काय होतं

मोठ्या माणसाने सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायचं. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, संभाजीनगरला घाटी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. इतर जिल्ह्यांत सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी विचारा. वेड्यांच्या इस्पितळात कसं जायचं, ही लाज आम्हाला कळते. केसपेपर काढून दुपारी घरी परत यायचं असतं, कोणी ठेवून घेत नाही. खाजगीत हेच काम लवकर होतं, पण सगळ्या भेटी आणि चाचण्या धरून खर्च हजारांत जातो. लहान मूल असेल तर अठरा वर्षांपर्यंत जिल्हा रुग्णालयातलं मुलांचं शीघ्र निदान केंद्र आहे, तिथे जावं.

पहिल्याच भेटीत एकच वाक्य सांगा : “लहानपणापासूनच्या अडचणी आहेत, ऑटिझमसाठी तपासून हवं आहे.” असं न सांगितल्यास डॉक्टर समोर दिसणारी झोप, चिंता, उदासी यांवर औषध देतील आणि पंधरा दिवसांनी बोलावतील. त्यात त्यांची सर्वस्वी चूक नाही. ओपीडीत शंभर माणसं असतात, आणि चिंता, उदासी खरोखरच असते. पण मुळाचं राहून जातं. आमच्या या मुलाला पहिल्या ठिकाणी “लग्न करून टाका, सुधारेल” असा सल्ला मिळाला होता. दुसऱ्या ठिकाणी वही उघडली गेली.

तिथे काम साधारण असं चाललं. आधी मानसोपचारतज्ज्ञांनी मुलाशी बोलून घेतलं. मग मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. त्यांनी मुलाला प्रश्नावली दिली, त्याच्याशी दोन वेळा तासभर गप्पा मारल्या आणि गप्पांमध्ये तो कसा बोलतो ते बघितलं. बुद्धीची चाचणी घेतली. मायला वेगळं बसवून दीड तास विचारलं. स्किझोफ्रेनिया, मंत्रचळ, लोकांत जायची भीती, लक्ष न लागण्याचा विकार यांची लक्षणं ऑटिझमसारखी दिसू शकतात किंवा त्याच्या जोडीला असू शकतात, म्हणून त्यांचीही चौकशी झाली. चार चकरा, सव्वादोन महिने. मोबाइलवर दहा प्रश्नांची ऑटिझम चाचणी मिळते. ती ‘तपासून घ्यावं का’ एवढंच सांगते. तिच्या जोरावर स्वतःला ठरवू नका, दुसऱ्याला तर मुळीच नाही.

दोन वेगळे कागद

डॉक्टरांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलेलं निदान हा एक कागद. दिव्यांगत्वाचा दाखला हा दुसरा. पुष्कळ जण पहिला मिळाला की दुसरा आपोआप मिळेल असं धरून चालतात आणि मग खिडकीवर भांडतात.

दाखल्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड, म्हणजे यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा असतो. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि तपासणीचे कागद लागतात. अर्जाला फी नाही. एजंट सही आणून देतो म्हणाला तर त्याला चहाही पाजू नका. मग वैद्यकीय मंडळाची तारीख येते. मंडळ ‘इसा’ नावाची भारतीय श्रेणी वापरते. ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. त्यात चाळीस बाबी आहेत, प्रत्येकीला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली आली तर त्या श्रेणीप्रमाणे ऑटिझम धरत नाहीत. इथे खरं सांगायला हवं : बोलता येणारा, शिकलेला, नोकरी करणारा, नक्कल करून जुळवून घेणारा माणूस या श्रेणीत कमी पडू शकतो. डॉक्टरांचं निदान असूनही चाळीस टक्क्यांचा दाखला हाती न येणं शक्य आहे. म्हणून दाखल्यावर सगळी आशा ठेवून तपासणीला जाऊ नका. मंडळासमोर जाताना नवा शर्ट घालून, पाठ केलेली उत्तरं देऊन ‘चांगला’ दिसायचा प्रयत्नही करू नका. घरी जसे असता तसे जा, मायला आणि वहीला सोबत न्या.

चाळीस टक्के किंवा जास्त मिळाले तर फायदे आहेत. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत दिव्यांगांना किमान चार टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आहेत. हे समांतर आरक्षण आहे. आपली अनुसूचित जातीची जागा यात जात नाही, दोन्ही दाखले एकाच अर्जात लावता येतात. वस्तीत कोणीतरी पसरवलं होतं की अपंगाचा दाखला काढला की जातीचा चालत नाही. ते खोटं आहे. लिहायला अडचण असेल तर परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जास्त मिळण्याचीही तरतूद आहे. कामाच्या ठिकाणी सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्याव्यात असंही कायदा सांगतो : जागा कोपऱ्यात देणं, काम तोंडी न सांगता लिहून देणं, पाळी अचानक न बदलणं. दाद मागायला पुण्यात राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

एका तरुण वाचकाने विचारलं, “एक शिक्का जन्मापासून आहे, त्यात हा दुसरा कशाला लावून घेऊ?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमचं म्हणणं असं की तपासणी करून घेणं आणि ते जगाला सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कागद तुमचा आहे. नोकरीत दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. लग्नाच्या बोलणीत मात्र लपवू नये असं आम्हाला वाटतं. लपवून लग्न लावलं की पोरगी फसवली गेल्यासारखी होते, आणि पोरगा आयुष्यभर पकडलं जाण्याच्या धाकात राहतो.

निदानानंतर गोळी मिळेल, अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. ऑटिझमवर औषध नाही. सोबतची चिंता, उदासी, झोप, फिट यांवर आहे, आणि त्याने जगणं बरंच सुसह्य होतं. स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन ऑटिझम बरा करतो असं सांगणारे लाखांत पैसे घेतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी त्याची शिफारस करता येत नाही असं म्हटलं आहे. दहा दिवसांच्या शिबिराने मन शांत होत असेल, पण ते ऑटिझमवरचा उपचार नाही. जायचं असेल तर डॉक्टरांना विचारून आणि शिबिरवाल्यांना आधी सांगून जावं. अंगारे-धुपारे आपण कधीच सोडले. तरी रात्री लिंबू उतरवणारी एखादी आत्या प्रत्येक घरात निघते. तिच्याशी भांडत बसू नका, पोराला तेवढं तिच्या हाती देऊ नका.

घरात करण्यासारखं साधं असतं. दिवसातला एक तास त्याला खोलीचा एक कोपरा, पडदा लावून. डीजेच्या दिवशी कानात घालायचे बोळे, किंवा सकाळीच मावशीकडे पाठवणं. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगणं. टोमणा न मारता सरळ बोलणं. आपल्या घरांत टोमण्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, त्यामुळे यालाच सगळ्यात जास्त सराव लागतो. तो कधी ‘जगून काय करू’ असं बोलला तर ते नाटक समजू नका. ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळलेला आहे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

पोळ्या करणारी ताई अजून स्वतःच्या तपासणीला गेलेली नाही. मुलाच्या चकरांमध्येच तिची कामं बुडतात. तिची आई गावी आहे. दिवाळीत गेली की वही भरून आणते म्हणाली. त्या मुलाला मात्र निदान मिळालं. तो एका छापखान्यात बिलांच्या कामाला लागला आहे, मागच्या खोलीत, मशीनपासून लांब. मालकाला मायने एवढंच सांगितलं की याला काम चिठ्ठीवर लिहून द्या. मुलगा आम्हाला भेटला तेव्हा म्हणाला, “मला वाटायचं बाकीच्यांना कोणीतरी नियम सांगितलेत आणि त्या दिवशी मी गैरहजर होतो.” मायने फाइल पत्र्याच्या पेटीत जातीच्या दाखल्यांशेजारी ठेवली आहे. मंडळाची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तिने वहीत परवा आणखी एक ओळ घातली : पाळण्यात असताना पंखा बंद केला की रडायचा, गरम होत नसलं तरी.